साडेआठशे फेऱ्या

सोमवार, ३

गाड्यांच्या कंपनीची नोकरी सोडताना ही डायरी मिळाली होती, ती दीड वर्षं कोरीच पडली. आज काढली, कारण गाडीचं दुखणं लिहून ठेवलं की डोकं चालतं, असं तिथले साहेब म्हणायचे. दुसरं कारण म्हणजे बोलायला कोणी नाही. आईशी बोलायला जावं तर ती ताट वाढते. अप्पांशी, म्हणजे वडिलांशी, बोलायला जावं तर ते उत्तरच देत नाहीत.

तर दुखणं. गाडी बाईंची. बाई म्हणजे शाळेत मला गणित शिकवणाऱ्या. माझ्या वह्यांवर त्यांनी जेवढी लाल शाई सांडली तेवढी अख्ख्या वर्गात कोणाच्या वह्यांवर सांडली नसेल. आता त्या निवृत्त आहेत आणि धाकट्या बहिणीबरोबर राहतात. बहिणीला मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी डायलिसिसला न्यावं लागतं. गाडी बावीस वर्षांची, कार्ब्युरेटरवाली, पहिल्या दिवसापासून अप्पांच्याच हाताखालची. तक्रार अशी की पाय उचलला तरी इंजिन जोरात फिरत राहतं आणि क्लच सोडायला लागलं की गाडी उडी मारते. उभ्या गाडीच्या इंजिनाने मिनिटाला साडेआठशे फेऱ्या घ्यायला हव्यात. मीटर लावलं तर चौदाशे.

बाई म्हणाल्या, "मला वेग नको, काही नको. गाडी माझ्या ताब्यात राहिली की झालं."

त्या गेल्यावर अप्पा म्हणाले, ही तू एकटीने कर. जमली तर गॅरेजच्या पाटीवर तुझं नाव रंगवू. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी असं काही म्हटलं. मला हसू आलं नाही. म्हणजे नाही जमली तर काय, हेही त्यात आलंच.

मंगळवार, ४

सापडलं! व्हॅक्यूमच्या पाइपला अगदी बुडाशी चीर गेली होती. वरून दिसत नव्हती. क्लीनरचा फवारा मारत मारत गेले, आणि त्या जागी आल्याबरोबर इंजिनाचा सूर बदलला. तिथून ते फुकटची हवा खेचत होतं. पाइप बदलला, आयडलिंगचा स्क्रू, जो आत फिरवला की फेऱ्या वाढतात, तो नीट लावला, मीटरवर बरोबर साडेआठशे. मग अप्पांना हाक मारली. तीनदा मारली. शेवटी पुढ्यात जाऊन उभी राहिले तेव्हा उठले.

आमच्या गॅरेजातून कुठलीही गाडी अप्पांनी कान लावल्याशिवाय बाहेर जात नाही. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग कुठे स्क्रू पाव आटा फिरवायचा, कुठे अर्धा आटा, जे काय करायचं ते. त्या वेळी बाकी सगळ्यांनी शेडच्या बाहेर. मी चार वर्षांची होते तेव्हापासून हा नियम आहे. आणि अप्पांचा हात लागल्यावर पुन्हा कोणी बॉनेट उघडायचं नाही. लोक गाडी आमच्याकडे आणतात ती या कानासाठी. मी बाहेर जाऊन हात धुतले.

बाई गाडी घेऊन फाटकातून गेल्या तेव्हा आवाज मला जरा चढा वाटला. पण अप्पांनी कान लावला होता. तिथे माझ्या कानाला कोण विचारतो.

गुरुवार, ६

ये रे माझ्या मागल्या. बाईंचा फोन: दवाखान्याच्या चढावर गाडी परत पळाली. दुपारी आणून लावली. मीटरवर साडेतेराशे.

पाइप शाबूत. चोकची झडप पाहिली, पुरी उघडते. स्क्रू मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच आत होता. म्हणजे परवा मीच घाईत अर्धवट लावला असणार. इतकी कच्ची आहे मी? कंपनीत कॉम्प्युटर सांगायचा कुठे दुखतंय ते, आम्ही फक्त पार्ट बदलायचो. तिथे आठ वर्षं काढून शिकले काय, देव जाणे.

अप्पांना विचारलं, चोक चुकून अडकत असेल का? ते वळलेसुद्धा नाहीत. बाकावर बसून ब्रेकचं काम करत होते, पाठ माझ्याकडे. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. रागावलेत. ओरडले असते तरी चाललं असतं.

स्क्रू परत लावला. साडेआठशे. अप्पांनी कान लावला. गाडी गेली.

शनिवार, ८

परत आली. साडेचौदाशे. आज दोन्ही गॅस्केटं बदलली, कार्ब्युरेटर उतरवून धुतला, एक्सलेटरची केबल ढिली केली. मी वाकलेली असताना मागून अप्पा आले आणि गाडीत बसून किल्ली फिरवली. इंजिन चालू होतं. स्टार्टर असा काही किंचाळला की माझ्या हातातला पान्हा पडला. चालू इंजिनाला परत स्टार्टर मारणं म्हणजे शिकाऊ माणसाची चूक, अप्पांची नाही. ते मुद्दाम केलं. मला सांगायचं होतं, बाजूला हो, तुला जमत नाही.

उतरले आणि आत गेले. मी पान्हा उचलला आणि दोन मिनिटं बॉनेटखाली डोकं घालून रडले. ऑइल तपासतेय असं दिसत असणार.

सोमवार, १०

गाडी आज आली नाही म्हणून जरा बरं वाटलं, तर सकाळी बेकरीवाला येऊन गेला. त्याच्या व्हॅनला हल्ली पेट्रोल फार लागतंय म्हणे. महिन्याभरापूर्वी मीच सर्व्हिसिंग केलं होतं. घ्या. एकाच गाडीचं काय घेऊन बसलेय.

संध्याकाळी घरी टीव्ही एवढा मोठा की पलीकडची शेजारीण खिडकी लावून घेते. आईला म्हटलं जरा कमी कर. आई म्हणाली, त्यांना बातम्या जोरातच आवडतात. आणि लगेच विषय बदलून मला आणखी वाढलं.

बुधवार, १२

आज खरं कारण सापडलं. नक्की.

बाई सकाळीच गाडी लावून गेल्या होत्या. आज इंजिनाला हातच लावला नाही, आधी आत बसले आणि नुसती बघत राहिले. एक्सलेटरच्या पॅडलचं रबर उजवीकडच्या कडेला झिजून गुळगुळीत झालंय. खालची परतीची स्प्रिंग ताणून ढिली पडलीय. याचा अर्थ सरळ आहे. पाय पॅडलवरून पुरता उचललाच जात नाही, तिथेच विसावतो. म्हणून स्प्रिंग थकते आणि म्हणून मी काहीही केलं तरी दोन दिवसांत तेच. दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे. इतका जीव हलका झाला की काय सांगू.

नवी स्प्रिंग घातली. स्क्रू लावला, साडेआठशे. कंपनीत करायचो तसा स्क्रूच्या डोक्यावर आणि बाजूच्या धातूवर नेलपॉलिशचा एक आडवा पट्टा ओढला, म्हणजे थरथरीने हलला तर कळेल.

बाई न्यायला आल्या तेव्हा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. जितकं गोड बोलता येईल तितकं गोड बोलले. म्हटलं, वयोमानाने पायाचं असं होतं, आपल्याला वाटतं उचलला, पण तो असतो तिथेच. बाईंनी खाली स्वतःच्या चपलेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "असेल. मला नाही कळलं, पण असेल."

मग विचारलं, चूक माझीच ना, नक्की? मी म्हटलं, नक्की. त्यांनी मान हलवली. उत्तर बरोबर आलं की वर्गात हलवायच्या तशीच.

अप्पांना जाऊन सगळं सांगितलं. रबर, स्प्रिंग, पाय, बाईंना काय बोलले ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली. नेहमीसारखा कान लावायला गेले. मी बाहेर उभी राहिले. नऊ दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

शनिवार, १५

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी भिंतीवर गेली.

वेग काहीच नव्हता. हेडलाइट फुटला, बंपर आत गेला. पण बहीण पुढे बसली होती आणि तिचा हात डॅशबोर्डवर आदळला. डावा. ज्या हाताला सुया टोचतात तोच. हात सुजून टणक झाला म्हणून आज गळ्यातून नळी घालून डायलिसिस करावं लागलं. मी गेले तेव्हा बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. उजव्या पायातली चप्पल काढून शेजारी ठेवली होती.

मला वाटलं होतं चिडतील. तसं काही नाही. म्हणाल्या, तू सांगितलंस तेव्हापासून मी पायावरच लक्ष ठेवून होते गं. तरी झालं.

मी त्यांना म्हटलं, होतं असं. काय पण बोलले. होतं असं.

मंगळवार, १८

बाई चालत आल्या आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. गाडी विका म्हणाल्या. लायसन्सही परत करणार आहेत. बहिणीला आजपासून भाड्याच्या गाडीने न्यायला लागल्यात; ड्रायव्हर खाली उतरत नाही, तिला जिन्याच्या चार पायऱ्या एकटीनेच चढाव्या लागतात, कारण तोवर बाई गाडीतून पिशव्या काढत असतात. हे त्यांनी तक्रार म्हणून नाही सांगितलं. मीच खोदून विचारलं.

गाडी ओढून आणून कोपऱ्यात उभी केलीय. मी तिच्याकडे बघत नाही.

बुधवार, १९

विकायची म्हणजे चालू करून बघायलाच हवी. हेडलाइट बदलला आणि किल्ली फिरवली. गाडीत कोणी नाही, पॅडलवर पाय नाही, केबल ढिली. मी बाहेर उभी आणि मीटरवर सोळाशे.

बॉनेट उघडून टॉर्च मारला. नेलपॉलिशचा पट्टा तुटलाय. धातूवरचा अर्धा जिथल्या तिथे, स्क्रूवरचा अर्धा उलट्या बाजूला. मागे फिरवत मोजला, दीड आटा. थरथरीने स्क्रू ढिला होईल, आत जाणार नाही. आत घालायला हात लागतो. बाईंना बॉनेट उघडता येत नाही, दर वेळी आम्हीच उघडून देतो.

माझ्यानंतर त्या स्क्रूला एकच हात लागतो.

हे लिहून दहा मिनिटं झाली. लिहिलेलं वाचतेय आणि पटवून घेता येत नाहीय. पाठीमागून मारलेल्या हाका. टीव्ही. स्टार्टर. बेकरीवाल्याची व्हॅन. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी इथे लिहून काय ठेवलं, तर रागावलेत.

गुरुवार, २०

आज जे केलं ते मला कधी विसरता येणार नाही. ते लिहून ठेवते, म्हणजे सोयीस्कर आठवणार नाही.

अप्पांना खूण करून सांगितलं, बाईंची गाडी झालीय, कान लावा. इंजिन बंद ठेवलं होतं. खात्री करायची होती. नियम मोडून शेडच्या दारात उभी राहिले. त्यांनी पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग मूठ तळहातात गच्च धरली, सोडली, पुन्हा धरली. डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलं.

"बंद आहे," म्हणाले. "मुठीत काही येत नाही. एवढं अजून कळतं मला."

ते मडगार्डला टेकून उभे राहिले आणि शांतपणे सांगत गेले. दोन वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले, मग माणसं गेली. कानातलं मशीन घेतलंय, ते घरच्या कपाटात आहे. त्याने ताट पडलेलं आणि इंजिनातलं टॅपेट वाजलेलं एकच वाटतं. आता ऐकत नाहीत, मुठीतली थरथर चाचपतात. साडेआठशेवर काहीच हाताला लागत नाही. इंजिन मेल्यासारखं वाटतं. म्हणून जरासं वाढवायचं, हाताला लागेपर्यंत. दर महिन्याला थोडं जास्त वाढवावं लागतं.

मी ओरडून विचारलं, मला का नाही सांगितलं? हे त्यांना ऐकू गेलं.

"तू नोकरी सोडून माझ्याकडे शिकायला आलीस," म्हणाले. "काय सांगू तुला, मास्तर संपला म्हणून?"

बाईंच्या पायाबद्दल मी काय बोलले ते तेव्हा कळलं नव्हतं त्यांना. त्या बुधवारी नुसतीच मान डोलावली होती. आज कागदावर लिहून दाखवलं. दोनदा वाचलं त्यांनी. मग खाली बसले, जमिनीवरच, ऑइल सांडलेलं होतं तिथे.

शुक्रवार, २१

आईला सगळं माहीत होतं. म्हणाली, त्यांनी शपथ घातली होती. मी म्हटलं, आई, बाईंच्या बहिणीचा हात सुजला. ती म्हणाली, मला काय माहीत ते गाड्यांना काय करतात, मी फक्त टीव्ही मोठा करत होते. ती रडत होती आणि रडता रडता पोळ्या लाटत होती.

दिवसभर गिऱ्हाइकांना फोन केले. सात गाड्या परत बोलावल्या. फोनवर म्हटलं, सेटिंगमध्ये थोडी चूक झालीय. बेकरीवाला म्हणाला, कान म्हातारा झाला का उस्तादांचा? थट्टा होती. तरी मी फोन ठेवून दिला.

बाईंना फोन नाही केला. त्यांना खरं सांगायचं तर अप्पा उघडे पडतात. नाही सांगायचं तर बाई जन्मभर स्वतःच्या पायाला शिव्या देत बसणार. आणि अप्पांचं राहू दे बाजूला, "नक्की" म्हणाले होते ती मी. ते त्यांच्या डोळ्यात डोळे घालून परत घ्यायचं मला धाडस होत नाही. हे खरं कारण.

रविवार, २३

सकाळी अप्पा धुतलेला शर्ट घालून दारात उभे. म्हणाले, चल, बाईंकडे. मला आधी सांगितलंही नव्हतं.

काल मी बाईंच्या गाडीचा स्क्रू लावला होता. साडेआठशे. अप्पांनी कान लावला नाही. लांबूनच विचारलं, चालू आहे ना? मी मान हलवली, तर मागे वळून निघून गेले.

बाईंच्या खोलीत बहीण पलंगावर झोपली होती, गळ्याला पट्टी. अप्पा खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच, जरा मोठ्याच आवाजात, सगळं सांगितलं. मला ऐकू येत नाही. स्क्रू मी फिरवला. तुमच्या पायाचा दोष नाही, कधीच नव्हता. पोरीला माहीत नव्हतं. शेवटी हात जोडले. अप्पांना हात जोडताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मीही म्हटलं, बाई, मी चुकले.

बाईंनी बहिणीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग माझ्याकडे पाहून, हळूच, बहीण जागी होऊ नये अशा बेताने बोलल्या.

"बरं झालं सांगितलंत. पण आता उपयोग नाही गं. दहा दिवस मी पायाकडेच बघतेय. जिना उतरताना, भाजी चिरताना, झोपेतसुद्धा. तो माझा राहिलाच नाही. तुम्ही म्हणता दोष नव्हता, मला पटतंही. पण गाडीत बसले तर मी खालीच बघणार, रस्त्याकडे कोण बघेल? नाही मी चालवणार आता."

त्यांना अजिबात राग नव्हता. पट्टी बदलायची वेळ झाली होती म्हणून उठून कापूस शोधायला लागल्या.

अप्पांना यातलं अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. ते बाईंच्या ओठांकडे आणि मग माझ्याकडे बघत होते, शाळेत निकाल लागायच्या दिवशी पोरं बघतात तसे. विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. बाईंना ऐकू जाणार होतं, घरभर ऐकू जाणार होतं, त्याला इलाज नव्हता. मी मोठ्याने म्हणाले, "म्हणतात, काही हरकत नाही. गाडी आणून द्या."

बाईंनी कापूस हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मग अप्पांकडे वळल्या आणि ठळक दिसेल अशी मान हलवून हो म्हणाल्या.

अप्पांचा चेहरा इतका मोकळा झाला की माझ्याने बघवेना. म्हणाले, मंगळवारी सकाळी डायलिसिसच्या आधी स्वतः आणून लावतो. रस्ताभर बोलत होते. बंपरही ठोकून घेऊ, सीटची कव्हरं बदलू, बाईंना बरं वाटेल. मी हो हो म्हणत राहिले, आणि त्यांना दिसावं म्हणून दर वेळी त्यांच्यासमोर येऊन म्हणत राहिले.

घरी आल्यावर म्हणाले, उद्या गाडी धुऊन ठेव. मी बादली बाहेर काढून ठेवलीय.